दोलामुद्रित बालपुस्तकें : एका खतावणीच्या पुठ्ठ्यावरून सुचलेले विचार

१

हस्तलिखितांच्या शोधार्थ आपण एखाद्या जुन्या घरीं गेलों आणि माळ्यावरचें दप्तर आपणांपुढें सोडलें गेलें म्हणजे आपला हात प्रथम कशाकडे जातो हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. सनदा, निवाडे, महजर, वंशावळी, बखरी; त्यांमागून काव्याच्या व शास्त्रांच्या पोथ्या; असा आपला क्रम ठरून गेलेला आहे. या ढिगांत मधूनच एखादें छापील पुस्तक निघालें तर तें आपण बाजूस ठेवतों, आणि तें मुलांच्या गोष्टींचें अथवा शाळेंतील निघालें तर उघडूनहि पाहात नाहीं. ही आपली रीत सदोष आहे, आणि तिच्यामुळें मराठी गद्याच्या बालपणींचीं साधनें आपल्या डोळ्यांदेखत नष्ट होत आहेत, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. या दोषाचा मीहि वांटेकरी आहें. त्याची हकीकत शेवटीं देईन.

वडखळ गांव मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर असून अलिबागची वाट येथूनच फुटते. आज येथें रात्रंदिवस मोटारींची रहदारी चालते. पूर्वीं मात्र या प्रांतीं रस्त्यापेक्षां खाडीचें महत्त्व अधिक होतें. अंबा नदीच्या मुखाशीं धरमतरची खाडी, पेणेस अंतोऱ्याचें बंदर आणि भोंवतालीं खारेपाट. खारेपाटांतील भात व मिठागरांतील मीठ पडावांतून मुंबईस जाई, आणि परतीच्या खेपेस मुंबईचा माल येई. मुंबईचा छापील कागदहि याच वाटेनें इकडे आला असला पाहिजे असें मला फार दिवस वाटे. पुरावा मात्र हातीं नव्हता.

तो गेल्या पावसाळ्यांत अनपेक्षितपणें मिळाला. शेजारच्या एका गांवीं जुन्या घराचें छप्पर गळूं लागल्यामुळें माळ्यावरील वह्या खालीं काढल्या, आणि मोडी वाचणारा म्हणून मला बोलावणें आलें. वह्या मिठाच्या व्यापाराच्या, म्हणजे कीर्दी व खतावण्या होत्या. त्यांतील एका खतावणीचा पुठ्ठा भिजून सुटला होता. पुठ्ठा म्हणजे कोरा जाड कागद नव्हे, तर खळीनें एकावर एक चिकटविलेलीं पानें होतीं. तीं घरधन्याच्या परवानगीनें कोमट पाण्याच्या वाफेवर धरून सुटीं केलीं, तों आंत बालबोध अक्षरांत सिंह व उंदीर यांची गोष्ट निघाली. अक्षर घोटीव व वळणदार होतें. प्रथमदर्शनीं तें हातचेंच वाटलें; एकाच ओळींतील तीन ‘ल’ तीन तऱ्हांचे होते. पण त्याच पुठ्ठ्यांत दोन पानें एकाच मजकुराचीं सांपडलीं. एकावर एक ठेवून उजेडाशीं धरतां अक्षरांत अक्षर व मात्रेंत मात्रा मिळाली. कोणताहि लेखक एकच पान दोनदां इतकें तंतोतंत लिहूं शकत नाहीं. तेव्हां हीं पानें हस्तलिखित नव्हेत, शिळाछापाचीं होत, याविषयीं शंका उरली नाहीं. मुंबईच्या कोण्या शिळाछापखान्यांतील वायां गेलेले ताव रद्दी म्हणून बुकबांधणाऱ्याकडे गेले, आणि त्यांचा पुठ्ठा होऊन मिठाच्या हिशेबाबरोबर ते खारेपाटांत आले.

२

या पानांच्या निमित्तानें प्रथम ‘बाल’ या शब्दाचा विचार करणें अवश्य आहे. कारण आपल्या अनास्थेचें मूळ या शब्दाच्या चुकीच्या अर्थांत आहे.

संस्कृत शास्त्रांत ‘बाल’ म्हणजे वयानें लहान इतकाच अर्थ नाहीं. अन्नंभट्टानें सतराव्या शतकांत तर्कसंग्रह रचिला तो बालांस सुखानें बोध व्हावा म्हणून, असें तो आरंभींच सांगतो. आणि टीकाकार लागलीच खुलासा करितात कीं, येथें बाल म्हणजे अंगावर पिणारें मूल नव्हे, तर ज्यास ऐकलेलें समजतें व लक्षांत राहतें, परंतु ज्याचें न्यायशास्त्राचें अध्ययन अद्यापि झालेलें नाहीं, असा अध्येता समजावा. म्हणजे व्याकरणांत निष्णात असा पन्नास वर्षांचा शास्त्रीहि न्यायशास्त्राच्या दारांत बालच होय. आपल्या लिपीस आपण ‘बालबोध’ म्हणतों. मोडीस सरावलेले कारकून व सावकार हे लिहिण्यावाचण्यांत मुळींच कच्चे नव्हते. तरी स्पष्ट, सुटी व कोणासहि कळेल अशी लिपि ती बालबोध, असेंच ते म्हणत आले.

हा अर्थ मनांत धरून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतील ज्या पुस्तकांच्या नांवांत बाल, बाळ, बोध, संवाद, नीति असे शब्द येतात त्यांकडे पाहिलें म्हणजे निराळाच देखावा दिसूं लागतो. इसपाच्या कथा, रसायनशास्त्र, भूगोल, व्याकरण, आगगाडी, असे एकमेकांशीं न जुळणारे विषय एकाच प्रकारच्या लहान पुस्तकांतून कां यावे, या प्रश्नाचें उत्तर येथें आहे. त्या काळीं नव्या विद्येपुढें मूल व बाप दोघेहि बालच होते. पोरासाठीं आणलेलें पुस्तक रात्रीं दिव्याशीं बसून बाप वाची. शाळेंतील मुलें व घरचीं जिज्ञासु माणसें हा एकच वाचकवर्ग होता. म्हणून या पुस्तकांस निव्वळ पोरांचीं पुस्तकें म्हणून टाकून देणें म्हणजे एका समाजाचें पहिलें वाचनच टाकून देणें होय.

३

मुंबईच्या पूर्वीं मराठींत असा प्रयत्न दोन ठिकाणीं झाला, आणि दोन्ही ठिकाणें महाराष्ट्राबाहेरचीं आहेत.

पहिलें तंजावर. तेथील दुसरे शरफोजी राजे (कारकीर्द इ. स. १७९८ ते १८३२) यांनीं इ. स. १८०५ मध्यें ‘नवविद्याकलानिधि’ नांवाचा छापखाना घातला, आणि इ. स. १८०६ मध्यें ‘बालबोधमुक्तावलि’ या नांवानें इसपाच्या कथा मराठींत देवनागरी अक्षरांनीं छापून निघाल्या. सरस्वतीमहालाच्या ग्रंथसंग्रहाचे हेच धनी. ताडपत्रें व पोथ्या जमविणाऱ्या राजानें मुलांच्या कथा छापाव्या, ही गोष्ट आपणां संग्राहकांस विचार करावयास लावणारी आहे. त्यास हस्तलिखित व मुद्रित यांत सोंवळेंओंवळें वाटलें नाहीं.

दुसरें श्रीरामपूर. बंगाल्यांतील या डॅनिश वसाहतींत विल्यम केरी यांनीं वैजनाथशास्त्री यांच्या साह्यानें मराठी पुस्तकांचें काम चालविलें. सिंहासनबत्तिशी (इ. स. १८१४), हितोपदेश (इ. स. १८१५), राजा प्रतापादित्याचें चरित्र व रघूजी भोसल्याची वंशावळी (दोन्ही इ. स. १८१६) हीं तेथील पुस्तकें होत. त्यांचे खिळे मोडी लिपीचे होते, हें विशेषेंकरून लक्षांत ठेवावें; कारण मोडी दिसलें कीं हस्तलिखित, असें मानून चालणारा संग्राहक येथें फसेल.

परंतु तंजावर व श्रीरामपूर येथील पुस्तकें कोंकणांतील अगर देशावरील मुलाच्या हातीं सहजीं पडावीं अशी सोय नव्हती. ती मुंबईनें केली. कलकत्त्यास इ. स. १८१७ मध्यें शाळापुस्तकांची मंडळी निघाली होती. त्याच धर्तीवर मौंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर असतां इ. स. १८२२ मध्यें शाळा काढणें व शाळांस पुस्तकें पुरविणें या दुहेरी हेतूनें एक मंडळी मुंबईंत स्थापन झाली. तिचें नांव इ. स. १८२७ मध्यें बदलून ती ‘नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ झाली, आणि इ. स. १८४० मध्यें तिचें काम ‘बोर्ड ऑफ एज्युकेशन’कडे गेलें. पंचोपाख्यान (इ. स. १८२२), विदुरनीति (इ. स. १८२३) व सिंहासनबत्तिशी (इ. स. १८२४) हीं मुंबईंतील अगदीं आरंभींचीं छापील मराठी पुस्तकें होत. तीं सर्व आपल्या जुन्या कथासंप्रदायांतील आहेत. नवें पाऊल पडलें तें यांच्यानंतर.

४

तें पाऊल टाकणारे गृहस्थ कै. सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे हे होत. जन्म इ. स. १७८८, मृत्यु इ. स. १८३०. या मंडळीच्या कामांत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या जोडीस ते चिटणीस होते. प्रसिद्ध गणिती केरो लक्ष्मण ऊर्फ केरूनाना छत्रे यांचे हे चुलते. केरूनानांचा जन्म अलिबागेजवळील नागांवचा. म्हणजे वडखळावरून जी वाट अलिबागेस जाते तिच्याच पुढच्या टप्प्यावरचा. त्या काळीं नागांव आंगऱ्यांच्या कुलाबा संस्थानांत होतें, आणि इकडे पेण इ. स. १८१८ पासून कंपनीच्या अंमलाखालीं आलेलें होतें. आंगऱ्यांचें संस्थान इ. स. १८४० मध्यें खालसा झालें. एका खाडीच्या दोन बाजूंस दोन राज्यें, आणि दोहींकडील हुशार माणसें विद्येसाठीं मुंबईकडे तोंड करून, अशी ती वेळ होती.

बापूंचीं तीन पुस्तकें प्रसिद्ध आहेत : बाळमित्र (इ. स. १८२८), इसपनीतिकथा (इ. स. १८२८) आणि वेताळपंचविशी (इ. स. १८३०). हीं तिन्हीं एका माणसानें दोनतीन वर्षांत दिलीं, हें खरें; पण तीन पुस्तकांचीं कुळें तीन निराळीं आहेत, इकडे लक्ष जावें तितकें गेलेलें नाहीं.

वेताळपंचविशी आपल्या घरची. विक्रम राजा, खांद्यावरचें प्रेत आणि प्रत्येक कथेच्या शेवटीं घातलेला पेंच, हा सर्व संस्कृत कथासंप्रदायाचा वारसा. इसप ग्रीसचा; पण पशुपक्ष्यांच्या तोंडून नीति सांगण्याची त्याची तऱ्हा पंचतंत्र जाणणाऱ्यास परकी वाटत नाहीं. बाळमित्र मात्र अगदीं निराळा. आर्नो बेर्कें या फ्रेंच ग्रंथकारानें इ. स. १७८२ पासून मुलांकरितां जें पुस्तक भागाभागांनीं काढलें, त्याच्या इंग्रजी भाषांतरावरून बापूंनीं हा मराठींत आणला. यांत राजा नाहीं, वेताळ नाहीं, कोल्हाकावळाहि नाहीं. यांत मुलें आहेत. तीं भांडतात, खोटें बोलतात, पस्तावतात, गरिबास आपला खाऊ देतात; आणि हें सर्व घरांत, अंगणांत, आईबापांच्या देखत घडतें.

पंचतंत्राच्या उपोद्घाताची येथें आठवण होते. महिलारोप्य नगरच्या अमरशक्ति राजाचे तीन मुलगे मूढ होते, त्यांस विष्णुशर्म्यानें सहा महिन्यांत नीतिशास्त्रांत तरबेज करण्याची प्रतिज्ञा केली, आणि त्यासाठीं कथा रचिल्या. तेथें श्रोते मुलगे खरे. पण ते राजपुत्र. त्यांस शिकवावयाचें तें मित्रभेद, संधि, विग्रह; आणि त्यांच्या वयाचें मूल त्या कथांतून क्वचितच भेटतें. सामान्य घरचें मूल हेंच कथेचें मुख्य पात्र व्हावें, आणि त्याच्या बारीकसारीक सुखदुःखास पुस्तकांत जागा मिळावी, ही गोष्ट मराठी गद्यांत बाळमित्रानें रूढ केली. बखरींची भाषा स्वारीशिकारीची, शास्त्र्यांची भाषा वादाची; मुलाशीं बोलण्याची भाषा घरांत होती, पण कागदावर नव्हती. ती बापूंना बोलण्याच्या वळणावरून घडवावी लागली. पुढें मराठी गद्यास जो साधेपणा आला त्याचा एक झरा या भाषांतरांत आहे, असें माझें मत आहे. आणि तसें असेल तर या पुस्तकाच्या जुन्या आवृत्त्या ताडून पाहण्याचें काम एखाद्या बखरीच्या पाठभेदांइतकेंच महत्त्वाचें ठरतें.

५

आतां छापण्याविषयीं. शिळाछापाची कृति हस्तलिखितांच्या अभ्यासकास ठाऊक असणें जरूर आहे. कारण ती हस्तलेखनाचीच पुढची पायरी आहे.

बव्हेरियांतील आलोइस सेनेफेल्डर यानें अठराव्या शतकाच्या अखेरीस ही युक्ति शोधून काढली. तेल व पाणी एकमेकांस धरीत नाहींत, एवढेंच तिचें मर्म. गुळगुळीत केलेल्या चुनखडीच्या शिळेवर चरबट शाईनें मजकूर उतरवितात. मग गोंद व सौम्य तेजाब यांचें पाणी फिरवितात. शिळा ओली ठेवून शाईचा रूळ फिरविला कीं शाई लिहिलेल्या जागींच धरते, ओल्या जागीं धरत नाहीं. वर कागद ठेवून दाबला कीं छाप उठतो. शिळेवर थेट लिहावयाचें तर उलटें लिहावें लागतें. म्हणून लेखक एका तयार केलेल्या कागदावर सुलट लिही, आणि तो कागद शिळेवर दाबून मजकूर उतरवीत.

या कृतीचा आपल्याकडे विशेष उपयोग झाला याचें कारण आपली लिपि. अर्धीं अक्षरें, जोडाक्षरें, वेलांट्या, उकार व मात्रा मिळून देवनागरीस शेंकडों प्रकारचे खिळे लागतात. ते कोरणें, ओतणें व जुळविणें मोठ्या भांडवलाचें काम. शिळेस एक चांगल्या हाताचा लेखक पुरे. बालबोध असो, मोडी असो, आकृति असो, पंचांगांतील कोष्टक असो, शिळेस सर्व सारखेंच. त्यामुळें जो लेखक कालपर्यंत पोथ्या उतरून पोट भरीत होता, तोच छापखान्यांत बसून लिहूं लागला. त्याचें वळण, त्याच्या शुद्धलेखनाच्या लकबी, शब्द न तोडतां सलग लिहिण्याची त्याची संवय, हें सर्व छापांत उतरलें. शिळाछापी पुस्तक म्हणजे एकाच हातची पोथी शेंकडों प्रतींनीं वाढविलेली, असें म्हटलें तर चूक होणार नाहीं. मग एका प्रतीच्या पोथीस आपण रेशमी वस्त्रांत बांधावें, आणि तिच्याच सख्ख्या बहिणीस छापील म्हणून दूर लोटावें, यांत युक्ति ती कोणती?

मुंबईंत ही कला देशी माणसाच्या हातीं कशी आली, ही कथा गोविंद नारायण माडगांवकर यांनीं ‘मुंबईचें वर्णन’ (इ. स. १८६३) या ग्रंथांत नोंदून ठेविली आहे, हे त्यांचे आपणांवर उपकार होत. गणपत कृष्णाजी हे भंडारी जातीचे गृहस्थ अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत कामास होते. तेथें पाहून व स्वतः खटपट करून त्यांनीं आपला शिळाछापखाना उभारला, आणि शके १७५३ (इ. स. १८३१) चें पंचांग छापून काढलें. पुढें खिळ्यांचा छापखानाहि त्यांनीं घातला. शाईंत चरबी असते म्हणून छापील पुस्तकास शिवावयास सोंवळे लोक कचरत, तेव्हां गणपत कृष्णाजींनीं तुपाची शाई वापरून ती शंका दूर केली, अशी कथा प्रसिद्ध आहे. ते इ. स. १८६० मध्यें वारले. छापलेलें पंचांग एकदां देवघरांत गेलें म्हणजे छापील गोष्टींचें पुस्तक ओसरीवर यावयास कितीसा वेळ लागणार? धर्माच्या पुस्तकानें मुलांच्या पुस्तकाची वाट अशी मोकळी केली.

६

त्या वाटेनें काय काय आलें हें थोडक्यांत सांगतों.

हरि केशवजी यांनीं इ. स. १८३७ मध्यें रसायनशास्त्राचे संवाद मराठींत आणिले. मूळ ग्रंथ जेन मार्सेट या इंग्रज बाईंचा. बुकें बांधण्याच्या दुकानांत उमेदवारी करणाऱ्या मायकेल फॅरडे नांवाच्या पोरानें तो वाचला, आणि त्यांतून त्यास रसायनाची गोडी लागली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. लंडनांतील बुकबांधणाऱ्या पोराचें पुस्तक मुंबईंत मराठी बोलूं लागलें. बाळशास्त्री जांभेकर यांनीं मुलांसाठीं बालव्याकरण लिहिलें, आणि इ. स. १८४० मध्यें ‘दिग्दर्शन’ मासिक काढून भूगोल, इतिहास व सृष्टिविज्ञान हे विषय महिन्याच्या महिन्यास वाचकांच्या हातीं दिले. मेजर टॉमस कँडी यांनीं ‘विरामचिन्हांची परिभाषा’ (इ. स. १८५०) लिहून वाक्य कोठें थांबावें हेंहि शिकविलें, त्यापूर्वीं दंडापलीकडे आपणांस थांबा माहीत नव्हता. बोरीबंदर ते ठाणें अशी आगगाडी इ. स. १८५३ च्या एप्रिलांत सुरू झाली, आणि पांच वर्षांच्या आंत माडगांवकरांचें ‘लोखंडी रस्त्यांचें संक्षिप्त वर्णन’ (इ. स. १८५८) निघालें. हें पुस्तक मुलांसाठीं कीं मोठ्यांसाठीं, असा प्रश्नच उद्भवत नाहीं. लोखंडी रस्त्यापुढें सर्वच बाल होते.

या परंपरेची परिणति जावजी दादाजी (इ. स. १८३९ ते १८९२) यांच्या निर्णयसागर छापखान्यांत झाली. लहानपणीं मिशनच्या छापखान्यांत खिळे घांसणारा हा मुलगा. त्यांनीं इ. स. १८६४ मध्यें खिळे ओतण्याचा कारखाना व इ. स. १८६९ मध्यें छापखाना काढला. इ. स. १८८१ मध्यें तेथून विनायक कोंडदेव ओक यांचें ‘बालबोध’ मासिक निघूं लागलें. चरित्र, कविता, निबंध, शास्त्रीय विषय व चुटके, असा त्याचा ठराविक थाट, आणि पुढें तेहतीस वर्षांहून अधिक काळ, आपल्या मृत्यूपर्यंत (इ. स. १९१४), ओकांनीं तें चालविलें. याच छापखान्यांतून इ. स. १८८६ पासून संस्कृत ‘काव्यमाला’ निघाली, तिचें ऋण माझ्यासारख्या संस्कृत शिकलेल्या माणसास जन्मभर फिटणार नाहीं. पण काव्यमालेचे खिळे व बालबोधाचे खिळे एकाच भट्टींतले, हें लक्षांत येण्यास मला म्हातारपण यावें लागलें.

७

संग्रहाच्या दृष्टीनें या पुस्तकांची स्थिति कशी आहे?

इ. स. १८६७ च्या पंचविसाव्या कायद्यानें छापखान्यांवर पुस्तकांच्या नोंदणीचें व सरकारांत प्रती देण्याचें बंधन आलें. तत्पूर्वींच्या मराठी मुद्रितांस आपण ‘दोलामुद्रितें’ म्हणतों. दोला म्हणजे पाळणा. पाळण्यांतील पुस्तकांची जन्मनोंद कायद्यानें झालेली नाहीं. तीं जेथें जपलीं गेलीं तेथेंच उरलीं. कै. शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूचि’चा पहिला खंड इ. स. १९४३ मध्यें निघाला. कै. अ. का. प्रियोळकर यांनीं जुन्या मुद्रणाचा इतिहास शोधून काढण्यांत आयुष्य वेंचलें. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थांनीं दोलामुद्रितें जतन केलीं. हीं सर्व कामें थोर आहेत. परंतु सूचि पुस्तकाचें नांव देते, पुस्तक देत नाहीं.

आणि येथें एक दुष्ट नियम आहे. जें पुस्तक अधिक वाचलें गेलें तें लौकर नाहींसें झालें. वेदान्ताची पोथी देव्हाऱ्यांत बसून शतकें काढते. इसपनीति तीन भावंडांच्या हातून जाते, तिच्यावर तेल सांडतें, तिचीं पानें सुटतात, आणि अखेर ती चुलीजवळ जाते. म्हणून मोठ्या संख्येनें निघालेल्या शाळापुस्तकाची आज एखादीच प्रत हातीं येते. दुर्मिळता ही येथें उपेक्षेची नव्हे, तर आवडीची खूण आहे.

कागद मात्र आपल्या बाजूस आहे. इ. स. १८२० ते १८५० या काळचीं पुस्तकें बहुधा चिंध्यांपासून केलेल्या कागदावर आहेत. तो वाळवीपासून वांचला तर आजहि लवचिक असतो. पुढें लांकडाच्या लगद्याचा कागद आला, तो पन्नाससाठ वर्षांतच तांबूस होऊन बोटांत मोडतो. यास्तव पांढरा व मऊ कागद पाहून पुस्तक अलीकडचें समजूं नये.

शिळाछाप ओळखण्याच्या खुणा अनुभवावरून सांगतों. एकाच अक्षराचीं रूपें निरनिराळीं असतील. ओळी किंचित् वांकड्या असतील. खिळ्यांचा दाब पानाच्या पाठीस बोटास लागतो तसा येथें लागणार नाहीं. शाई पाण्याच्या थेंबानें फुटणार नाहीं. पुष्कळ शिळाछापी पुस्तकें पोथीच्या आडव्या आकाराचीं व चौफेर रेघा आंखलेलीं असल्यानें हस्तलिखितांच्या गठ्ठ्यांत मिसळून गेलेलीं असतात. शिवाय पुठ्ठे, पोथीच्या फळ्यांवर चिकटविलेले कागद, पेट्यांचीं अस्तरें, यांतहि शोध करावा. माझ्या खतावणीचें उदाहरण वर दिलेंच आहे.

८

आतां माझी स्वतःची हकीकत.

मी ज्या एका शाळेंत नोकरीस होतों तेथें फार वर्षांपूर्वीं ग्रंथालयाची झडती होऊन जीर्ण पुस्तकें काढून टाकण्याचें ठरलें. संस्कृत जाणणारा म्हणून यादी करण्याचें काम मजकडे आलें. काव्यमालेचे गुच्छक मीं निवडून काढले, त्यांस स्वखर्चानें पुठ्ठे बांधविले, आणि अभिमानानें कपाटांत लावले. उरलेल्यांत बालबोध मासिकाचे तीन बांधीव खंड होते, आणि आरंभ व शेवट नसलेलें, आडव्या आकाराचें एक गोष्टींचें पुस्तक होतें. त्याचें अक्षर हातचें दिसे. पण छापील आहे एवढें माझ्या ध्यानांत आलें, आणि तेवढ्यावरूनच माझें कुतूहल संपलें. यादींतील शेऱ्याच्या रकान्यांत मीं स्वहस्तें लिहिलें : ‘बालवाङ्मय. जीर्ण. निरुपयोगी.’ खालीं सही केली. दुसऱ्या दिवशीं तें सर्व तागडींत घालून वजनावर गेलें.

त्या आडव्या पुस्तकांतील एक पान माझ्या अद्यापि डोळ्यांपुढें आहे, कारण मीं तें उभ्याउभ्या वाचलें होतें. दोन मुलें एका म्हाताऱ्यास वाट दाखवीत होतीं. गोष्ट कोणत्या पुस्तकांतील, आवृत्ति कोणती, लेखकाचा हात कोणाचा, हें तेव्हां पांच मिनिटें बसतों तर कदाचित् ठरतें. अन्नंभट्टाच्या ‘बाल’ शब्दावर मुलांस व्याख्यान देणारा मी, माझ्या हातांत तो शब्द पुस्तकाच्या रूपानें आला तेव्हां मला ओळखतां आला नाहीं. खतावणीच्या पुठ्ठ्यांतील सिंह व उंदीर सुटे करतांना माझा हात थरथरला तो केवळ वयामुळें नव्हे.

म्हणून संग्राहकांस माझी विनंति आहे. जुन्या घरचें दप्तर पाहतांना मुलांचीं छापील पुस्तकें वेगळीं काढूं नयेत. ज्या गठ्ठ्यांत तीं सांपडलीं त्याच गठ्ठ्याबरोबर त्यांची नोंद करावी. कारण पुस्तक कोणाच्या घरीं, कोणत्या कागदांसोबत राहिलें, हाच त्याच्या वाचकाचा एकमेव पुरावा असतो. पान एकच असलें तरी टाकूं नये. लांबी, रुंदी, ओळींची संख्या, पहिले व शेवटचे शब्द, आणि पानावर मुलानें गिरविलेलें नांव अगर आंकडे असल्यास तेहि टिपावे; पोथीच्या पुष्पिकेइतकेंच त्यांचें मोल आहे. मुखपृष्ठ नसलेल्या प्रतीस निरुपयोगी म्हणूं नये. दुसऱ्या कोणाजवळ त्याच पुस्तकाचें मुखपृष्ठ तेवढें असूं शकेल.

खतावणीचीं पानें घरधन्यांनीं मजकडे ठेवण्यास दिलीं आहेत. तीं मीं दोन कोऱ्या कागदांमध्यें सुकवून ठेविलीं असून त्यांची प्रतिकृति या त्रैमासिकाच्या संपादकांकडे पाठविली आहे. ज्या कोणाजवळ शिळाछापी इसपनीतीची प्रत अथवा सुटीं पानें असतील त्यांनीं तीं ताडून पाहावीं. सिंह व उंदीर यांच्या गोष्टींत सतरा ओळी आहेत, आणि तिसऱ्या ओळींत लेखकानें ‘उंदीर’ शब्दाचा दीर्घ ईकार आधीं गाळून मागाहून वर घातलेला आहे.